शेजारीं बसून केलेली प्रार्थना

कोणावर संकट आलें म्हणजे "आम्ही तुमच्यासाठीं प्रार्थना करूं" असें आपण सर्वच म्हणतों. हें म्हणणें वाईट नाहीं; परंतु पुष्कळदां तें निरोप घेण्याचें साधन होतें. शब्द उच्चारले कीं पाय घराकडे वळतात आणि प्रार्थना वाटेंतच विसरली जाते. आमच्या मतें, ज्याच्यासाठीं प्रार्थना करावयाची, त्याच्या शेजारीं बसून, त्याच घटकेस करावी.

याचें कारण उघड आहे. दुःखानें पिचलेल्या माणसाला कित्येकदां शब्दच सुचत नाहींत. अशा वेळीं दुसऱ्याचा कंठ त्याच्या उपयोगीं पडतो. शिवाय जवळ बसणाऱ्याला घरांतले दाणे संपले आहेत, औषध आणावयास कोणी नाहीं, हें डोळ्यांनीं दिसतें. आणि एकदां दिसलें कीं हात स्वस्थ राहत नाहींत.

पंडिता रमाबाईंचे आईबाप व वडील बहीण हीं दुष्काळाच्या हालांत मरण पावलीं. पुढें १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां बाईंनीं पुण्यांत बसून केवळ हात जोडले नाहींत. त्या स्वतः तेथें गेल्या आणि शेंकडों निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्या मुलींना प्रार्थनेबरोबर अन्न, आसरा आणि हाताला काम मिळालें.

आपल्या उमापुरास व गेवराई तालुक्यास एकत्र मागणें नवें नाहीं. पाऊस लांबला म्हणजे मराठवाड्यांत मुलें कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी काढतात, सप्ताह बसतात, मुसलमान बांधव मैदानांत नमाज पढतात. त्यांत माझ्याच शेतावर पाऊस पडो असें कोणी मागत नाहीं. मग पावसासाठीं एक होणारें गांव एका घराच्या दुःखांत कां विखुरावें?

विद्यार्थिमित्रहो, दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून लाखों मजूर ऊसतोडीस जातात. मागें म्हातारीं माणसें व शिकणारीं मुलें राहतात. तुमच्या वर्गांत असा सोबती असेल. त्याची आजी तापानें निजली असतां सायंकाळीं त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. घागरभर पाणी भरून द्या, मग हात जोडा.

मात्र तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, आधीं विचारावें, "तुमच्याबरोबर प्रार्थना केली तर चालेल काय?" नको म्हटलें तर मुकाट्यानें जवळ बसावें, आणि त्यानें आपल्या देवाला आपल्या शब्दांनीं हांक मारली, तर आपण आदरानें मान लववावी. दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याला आपल्या मताकडे ओढणें ही प्रार्थना नव्हे. दुसरी, उपदेश करूं नये. ज्याचें मूल गेलें त्याला देवाच्या इच्छेचा अर्थ सांगणें हें निष्ठुरपण आहे. तिसरी, प्रार्थना औषधाच्या जागीं नाहीं. साप चावलेल्याला प्रथम दवाखान्यांत न्यावें. प्रार्थना गाडींतही करतां येते.

पालकांनाही आमची विनंति आहे. दुखवट्याच्या घरीं जातांना मुलांना "तुझें तेथें काय काम?" म्हणून घरीं ठेवूं नका. अभ्यास उद्यां भरून काढतां येईल. दुसऱ्याच्या दुःखांत न लाजतां बसण्याची संवय मात्र लहानपणींच लागते, आणि ती लावणें शाळेपेक्षां तुमच्या हातीं अधिक आहे.