आडनावाविना पट्टी
मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या निर्घृण हत्येनंतर बीड जिल्ह्यात मराठा व वंजारी या दोन समाजांतील वितुष्ट इतके विकोपास गेले, की पुढील वर्षाच्या आरंभी पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरील नामपट्टीवरून आडनाव काढून टाकण्याचा हुकूम दिला. फिर्यादीने समोरच्या हवालदाराची जात आधी वाचावी आणि मगच तोंड उघडावे, या अवस्थेवर तो उपाय ठीकच होता. परंतु अंबाजोगाईला वा बीडला शिकणारी मुले नव्या सोबत्याला जात कधी विचारीतच नाहीत (तेवढा शिष्टाचार सर्वांना अवगत आहे). ती 'गाव कोणतं?' म्हणतात, मग 'पाहुणे कुठले?', आणि उत्तरावरून जे समजायचे ते समजून घेतात. उघड बोलणे होते ते केवळ आपल्याच मंडळीत, दार लोटून, आणि तेही दुसऱ्यांविषयी. मला वाटते, ज्याच्या घरच्यांनी निजामी दफ्तरातील कुणबी नोंदीसाठी तहसिलीचे खेटे घातले तो, आणि त्याच नोंदीमुळे आरक्षणातील आपला वाटा आटेल अशी ज्याच्या घरी धास्ती आहे तो, अशा दोघांनी एका बाकावर बसून ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचा आणि भरतीच्या मोजक्या जागांचा हिशेब परस्परांपुढे मांडावा; आवाज चढतील, एखादा मध्येच उठूनही जाईल, पण दुसऱ्या दिवशी वर्गात गाठ पडणारच आहे.