चिखलाचा मान

गडवाटांवर वाढलेल्या आपल्या वाचकांना या अंकात आम्ही चढणीपेक्षा घळींकडे नेत आहोत. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात लिटल मिझुरी नदीने मऊ माती-खडकांचं पठार कोरून काढलं आहे. त्या उजाड, पट्ट्यापट्ट्यांच्या टेकड्यांतून 'माह दाह हे' ही सुमारे २३० किलोमीटरची पायवाट जाते. नाव मंडन लोकांच्या भाषेतलं. दीर्घकाळ टिकून राहणारी भूमी असा त्याचा आशय. वाटेवरच्या खांबांवर कासवाची खूण आहे.

इथली माती म्हणजे बेंटोनाइट, जुन्या ज्वालामुखींच्या राखेपासून झालेली चिकणमाती. ती पाणी पिऊन फुगते. एक सर आली की बुटांना किलोकिलोचा चिखल चिकटतो. अशा वेळी थांबावं, हेच खरं. ओल्या वाटेवर उमटलेला पाय वाळून घट्ट होतो आणि पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच नवी घळ काढतं.

१८८४ मध्ये एकाच दिवशी आई आणि पत्नी गमावलेले, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट याच लिटल मिझुरीच्या काठी येऊन राहिले होते.

आपल्याकडे महाराष्ट्रात प्रवरा नदीच्या काठीही अशा घळी आहेत. वाचकहो, शेतीसाठी त्या सपाट केल्या जाण्याआधी एकदा पाहून या.