संपणारी मालिका निवडू या

आठवडाभराचे सहा भाग शनिवारी सकाळी एका बैठकीत पाहून टाकायचे आणि पुढच्या आठवड्यासाठी मोकळं व्हायचं, ही पद्धत आपल्याकडच्या अनेक मराठी घरांत आता रुळली आहे. ती आपण सोडून द्यावी, असं मला मनापासून वाटतं. मराठी मालिका पाहू नयेत, असं माझं म्हणणं नाही. परदेशातल्या घरात मराठी मालिका लागावी, ती मुलांनीही पाहावी, जेवताना तिच्यावर वाद व्हावेत, हेच मला हवं आहे. रोज चालणाऱ्या मालिकेच्या मागे धावत राहून ते होत नाही. त्यासाठी संपलेली मालिका घ्यावी, पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत एकत्र पाहावी आणि मग तिच्यावर बोलावं.

दैनंदिन मालिका कशी बांधलेली असते, हे आधी नीट पाहू. महाराष्ट्रात संध्याकाळी साडेसहा-सातपासून रात्री साडेदहा-अकरापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक मालिका लागते. जाहिराती वजा जाता गोष्टीच्या वाट्याला साधारण २२ मिनिटं येतात. त्या वेळी घरात कुकर लागलेला असतो, कुणी कामावरून येत असतं, मुलांना अभ्यासाला बसवायचं असतं. समोर बसून टक लावून पाहणारं माणूस क्वचितच. बहुतेक जणी हातातलं काम करत कानाने मालिका ऐकतात आणि काही घडतंय असं वाटलं की डोकावतात. म्हणून कालच्या भागाचा शेवट आज पुन्हा दाखवतात. म्हणून घरात काही कळलं की ते आधी एकीला, मग दुसरीला, मग सासऱ्यांना वेगवेगळं सांगितलं जातं. धक्का बसला की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा दिसतो आणि संगीत एवढं चढतं की ओट्याजवळ उभ्या असलेल्या बाईलाही कळावं. शेवटी उद्यापर्यंत टांगून ठेवणारा क्षण. यात लेखक-दिग्दर्शकांचं अज्ञान नाही. ते हे जाणूनबुजून आणि सरावलेल्या हाताने करतात. रोज एक भाग तयार करून वाहिनीला देणं ही फार अवघड नोकरी आहे आणि ती करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

दुसरी गोष्ट टीआरपीची. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे येतात. एखादा ट्रॅक लोकांनी उचलला की तो लांबतो, पडला की गुंडाळला जातो. कलाकाराने मालिका सोडली तर नवा चेहरा येतो, कधी कथानक एकदम काही वर्षं पुढे उडी घेतं. गोष्ट कुठे संपणार हे लिहिणाऱ्यालाही सुरुवातीला ठाऊक नसतं, ठाऊक असूही शकत नाही. ‘चार दिवस सासूचे’ अकरा वर्षं चालली आणि तीन हजारांहून अधिक भागांची झाली. ‘आई कुठे काय करते’ २०१९च्या डिसेंबरात सुरू झाली ती २०२४च्या नोव्हेंबरात थांबली. या मालिकांनी लाखो घरांना रोजची सोबत दिली, हे खरंच आहे. पण ती सोबत रोजची होती.

आपण ती रोजची उरू देत नाही. सहा भाग सलग लावले की आधीच्या भागाची उजळणी आपण पुढे ढकलतो, चेहरे पुढे ढकलतो, उद्याचा भाग हातातच असल्यामुळे शेवटच्या क्षणातली ओढही संपते. उरतं ते कथानक, आणि दैनंदिन मालिकेत सगळ्यात पातळ काय असेल तर तेच. तिची खरी ताकद असते ती रेंगाळण्यात: दिवाळीच्या दिवसांत मालिकेतही दिवाळी असते, गणपतीत तिथेही आरती होते, आपल्या घरासारखंच तिथलं घरही संथपणे पुढे सरकतं. नेमकं तेच आपण रिमोटने कापून टाकतो. हिशेब मांडला तर आठवड्याला १३२ मिनिटं होतात, आणि वर्षाला साधारण तीनशे भाग धरले तर एका मालिकेपायी ११० तास. दोन मालिका ‘गाठणाऱ्या’ घरात हे दुप्पट. एवढा वेळ देऊन मुलांशी बोलण्याजोगं काय हाती लागलं, असं प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावं. मी ओळखीच्या घरांत पाहते तेव्हा आई सोफ्यावर, बाबा फोनमध्ये आणि मुलं आपल्या खोलीत असतात.

‘आठवडाभर राबतो, शनिवारी तरी डोकं बाजूला ठेवून बसू द्या,’ हे ऐकलं आहे आणि ते रास्त आहे. विश्रांती हवीच. पण राहिलेले भाग पुरे करायचे या घाईत विश्रांती कुठे मिळते? एक आठवडा चुकला की पुढच्या शनिवारी बारा भाग साचतात आणि करमणुकीचं काम होऊन बसतं.

एका बाबतीत मात्र माझा सल्ला अगदी उलटा आहे, आणि त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपल्याकडे आई-वडील, सासू-सासरे काही महिन्यांसाठी येतात. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घर शांत. अशा घरात रोजची मालिका रोजच लागली पाहिजे. भारतात रात्री आठला दिसणारा भाग इथे कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळी साडेसातला, थंडीत साडेसहाला सुरू होतो. म्हणजे सांगलीच्या मावशीने रात्री जे पाहिलं तेच इथे आईने चहाबरोबर पाहिलेलं असतं. भाग संपला की लगेच व्हॉट्सॲपवर फोन जातो आणि दोघी बहिणी मालिकेतल्या सुनेला मिळून चार शब्द सुनावतात. इथलं सगळं दुसऱ्याच्या आधाराने करावं लागणाऱ्या बाईला दिवसातून एकदा कुणाशी तरी बरोबरीने बोलायला मिळतं. रोजची मालिका जशी पाहायची तशीच ही बाई ती पाहत असते, म्हणून तिच्या बाबतीत मालिका आपलं काम करते. अशा वेळी ‘काय गं आई, तेच तेच’ म्हणून टीव्ही बंद करणं मला क्रूर वाटतं. त्यापेक्षा कामाला लागण्याआधी एक भाग तिच्याशेजारी बसून पाहावा. कोण कुणाची कोण, हे तिला विचारावं. ती आनंदाने सांगेल.

आता भाषेचा मुद्दा. मुलांच्या कानावर मराठी पडतं म्हणून मालिका लावतो, असं पुष्कळ पालक सांगतात. हेतू चांगला आहे, आणि मालिकांनी गेल्या काही वर्षांत मराठीसाठी एक मोठं काम केलंही आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूरची, ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याकडची आणि ‘रात्रीस खेळ चाले’ने सिंधुदुर्गातली बोली घराघरांत नेली. पूर्वी छोट्या पडद्यावर अशी बोली बहुतेक घरगड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी असायची. आता नायक-नायिका तीच बोलतात. आपली मुलं मराठी ऐकतात ती आई-बाबांची आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या शाळेतली. मराठी बोलायच्या किती तऱ्हा आहेत, हे त्यांना या मालिकांतून कळू शकतं.

पण कधी? मूल मध्येच ‘म्हणजे काय?’ असं विचारेल, आणि आपण भाग थांबवून सांगू तेव्हा. घरी पाहण्याची सगळ्यात मोठी सोय थांबवण्याची आहे, आणि भाग साचलेले असले की आपण नेमकी तीच वापरत नाही. एका संध्याकाळी एक भाग, मध्ये हवं तितकं थांबणं, पुन्हा मागे जाणं, एवढा अवकाश दिला तरच मूल भाषा उचलतं. नुसता पार्श्वभूमीला आवाज चालू असल्याने ते होत नाही.

मग पाहायचं काय? माझ्या मते लहान मुलांच्या घराने ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’पासून सुरुवात करावी. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरची ही साप्ताहिक मालिका केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केली आणि २००१ ते २००५ या काळात ती अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, दाखवली गेली. आजोबा म्हणजे आबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं एवढंच कुटुंब. दर भागात एखादी साधी गोष्ट घडते आणि त्याच भागात संपते. कुणी कुणाला विष देत नाही, कुणाची स्मृती जात नाही. आबा घरातल्या सगळ्यांना पाहतात आणि रात्री डायरी लिहितात. आपल्या मुलांना आजोबांबरोबर एका छताखाली राहणं बहुधा सुट्टीपुरतंच मिळतं. नातवाला, शिऱ्याला, आबा कसे सांभाळून घेतात, हे दहा वर्षांच्या मुलाला कुठल्याही समजावणीशिवाय कळतं.

मुलं मोठी असतील तर ‘अग्निहोत्र’. २००८मध्ये स्टार प्रवाह सुरू झाली तेव्हाची ही सतीश राजवाडे यांची मालिका रोज लागायची, पण तिला आरंभ होता, मध्य होता आणि ती दीड वर्षाच्या आत संपली. नाशिकचा जुना वाडा, विखुरलेलं अग्निहोत्री कुटुंब आणि त्यांच्याबरोबर विखुरलेले आठ गणपती. नील हा तरुण आपल्याच माणसांना एकेक करून शोधत जातो. काका, आत्या, त्यांची जुनी भांडणं, कुणी का घर सोडलं, हे सगळं त्याला नव्याने कळत जातं आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. इथे वाढलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला या शोधात स्वतःचं काही सापडेल. आपले किती चुलत नातेवाईक कुठे आहेत, हे त्यालाही धड माहीत नसतं. विनय आपटे, विक्रम गोखले, मोहन आगाशे असे नट एकाच मालिकेत पाहायला मिळतात, ही मोठ्यांसाठी वेगळी मेजवानी.

‘उंच माझा झोका’ मुलींनी जरूर पाहावी. अकराव्या वर्षी, १८७३ साली, लग्न होऊन न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाई घरातल्या बायकांचा विरोध सोसून लिहा-वाचायला कशा शिकल्या, हे त्यात आहे. आयुष्याची गोष्ट असल्यामुळे तिला आपला आकार आहे. सोबत रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तकही घरात असू द्यावं. मालिकेने कुठे रंग भरला आणि रमाबाईंनी स्वतः काय लिहिलं, हे ताडून पाहण्यात वेगळीच गंमत आहे. कॉलेजातल्या मुलांना ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आवडेल. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारे सहा जण आणि त्यांचं ‘माजघर’, एवढं सांगितलं तरी ती लावतील.

जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मानू नये. पहिले शंभर भाग सुरेख आणि मग नुसतं पाणी घातलेलं, अशाही मालिका आहेत. तिथे बिनदिक्कत थांबावं. आणि सुरुवात करण्याआधी सगळे भाग अधिकृतपणे मिळतात का, तेवढं पाहून घ्यावं. कुणीतरी चोरून चढवलेले, मध्येच गायब होणारे भाग पाहू नयेत. टीआरपीचे मीटर भारतातल्या निवडक घरांत असतात. आपण काय पाहतो याची तिथे नोंदच होत नाही. वर्गणी भरून ॲपवर पाहिलं तर निदान तिथे होते. परदेशातली मराठी घरं जुन्या, नेटक्या मालिका पैसे देऊन पाहतात, हे वाहिन्यांना दिसलं तर त्या मालिका जपून ठेवण्याला आणि त्यांना चांगली सबटायटल्स देण्याला काही कारण मिळेल. मराठी समजणाऱ्या पण वेगाने न समजणाऱ्या मुलांसाठी आणि आपल्या घरांतल्या अमराठी सुना-जावयांसाठी सबटायटल्स फार गरजेची आहेत.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. दर तिमाहीला एक मालिका ठरवावी, तिचे भाग आठवड्याला दोन या बेताने सगळ्या घरांनी पाहावेत आणि तिमाहीच्या शेवटी एका रविवारी दुपारी चर्चा ठेवावी. मोठी मालिका असेल तर ती टप्प्याटप्प्याने अनेक तिमाहींत वाटून घेता येईल. मराठी शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांनी चर्चेचं सूत्रसंचालन करावं आणि आलेल्या आजी-आजोबांनी त्या काळातल्या गोष्टी सांगाव्यात. पहिल्या तिमाहीसाठी ‘टिपरे’ सोयीची, कारण एखाद्या घराचा भाग चुकला तरी पुढचा समजायला अडचण येत नाही. ‘अग्निहोत्र’ थंडीत सुरू करावी. नावं नोंदवण्यासाठी कोजागिरीच्या कार्यक्रमात टेबल लावायला मी तयार आहे, सोबत आणखी दोघं-तिघं हवेत.