पाटीवरचा शब्द

गोडादऱ्यात आमच्या नित्याच्या वाटेवर एक लहानसे उपाहारगृह आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ ही त्याची पाटी वाचतच आम्ही इतकी वर्षे तेथे जात आलो. जळगाव-धुळ्याकडून कापडाच्या धंद्यात पोट भरण्यास सुरतेस आलेल्या आमच्यासारख्यांना शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळण्याचे ते हक्काचे ठिकाण. गावाकडून पाहुणा आला की त्यास तेथे नेण्यात एक समाधान वाटे.

गेल्या महिन्यात थोरल्या मामांना घेऊन गेलो. मामा माळकरी. तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून सामिष अन्न वर्ज्य. त्यांनी पहिला घास उचलला, तोच शेजारच्या मेजावर कोंबडीचा रस्सा आला. घास ताटात परतला.

मालकास विचारले. तो ओशाळून म्हणाला, “आबा, महिना झाला. नुसत्या भाजी-भाकरीवर जागेचे भाडे निघत नाही.” भांडी तरी वेगळी आहेत ना, या प्रश्नावर तो गप्प राहिला. मामा काही न बोलता उठले.

वाचकहो, आमच्याही घरी रविवारी मटण शिजते. तेव्हा सोवळेपणाचा आव आम्ही आणू नये. शिवाय भाड्याची अडचण खोटी नव्हे. मन खट्टू झाले ते निराळ्या कारणाने. मामा तेथे जेवावयास बसले ते आमच्या शब्दावर, आणि आम्ही तो शब्द दिला होता पाटीच्या भरवशावर.

असे बदल मोठमोठ्यांनाही करावे लागतात. न्यूयॉर्कच्या ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ या विख्यात भोजनगृहाने 2021 मध्ये मांस-मासे सोडून केवळ वनस्पतिजन्य पदार्थ देण्यास आरंभ केला. चार वर्षांनी व्यवहाराचे गणित जमेना. तेव्हा ऑक्टोबर 2025 पासून पुन्हा मांस वाढण्याचे ठरले. परंतु ते ऑगस्टमध्येच जाहीर केले, आणि शाकाहारी जेवणाची सोयही कायम ठेवली. ज्यांना जावयाचे नव्हते, त्यांना आधी कळले.

म्हणून काही बंदी मागावी, असेही नव्हे. 2021 च्या नोव्हेंबरात अहमदाबादेत सामिष पदार्थांच्या हातगाड्या रस्त्यांवरून हटविण्यात आल्या, तेव्हा लोकांनी काय खावे हे तुम्ही कसे ठरविणार, असे गुजरात उच्च न्यायालयाने महापालिकेस खडसावून विचारले होते. ते योग्यच झाले. कोणी काय खावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरविण्यासाठी समोर काय आहे हे ठाऊक असावयास हवे. बिस्किटाच्या पुड्यावरदेखील हिरवा ठिपका छापण्याची सक्ती आपल्या कायद्याने केली आहे, ती याचसाठी.

दुसऱ्या दिवशी मालकाकडे जाऊन इतकेच सांगितले, “भाऊ, धंदा अवश्य करा, पण पाटी बदला, आणि कढया-पळ्या वेगळ्या ठेवा.” आठ दिवसांनी पाटीवरचे ते दोन शब्द रंगाने पुसलेले दिसले. आम्ही आत जाऊन चहा घेतला. कढयांची चौकशी केली. “दुसऱ्या आणतो” म्हणाला.

मामा आषाढीनंतर पुन्हा येणार आहेत. लिंबायत-डिंडोलीकडे त्यांना निःशंक मनाने जेवता येईल अशी खानावळ कोणास ठाऊक असल्यास अवश्य कळवावे.