दवंडी परक्या हाती

एसटीच्या एका चालकाने कळविले, तेव्हा माळीण हे गाव जागेवर नसल्याचे बाहेरच्या जगाला समजले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात आंबेगाव तालुक्यातील या आदिवासी गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. ट्विटर ही सेवा सुरू होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. बातमी पुढे क्षणात देशभर पसरली. परंतु तिचा उगम मोबाइलच्या पडद्यावर नव्हे, तर नेहमीच्या वळणावर नेहमीचे गाव न दिसलेल्या एका चालकाच्या डोळ्यांत होता.

घोडेगाव हे या तालुक्याचे मुख्यालय. तहसील कार्यालय, पंचायत समिती आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथेच आहे. येथून पश्चिमेला डिंभे धरण ओलांडून भीमाशंकरच्या डोंगररांगांकडे जाऊ लागले, की मोबाइलची रेंज तुटत जाते. माहिती कोणापर्यंत, किती लवकर आणि कोणत्या भाषेत पोहोचते, हा प्रश्न अशा ठिकाणी जिवाशी निगडित असतो.

ट्विटरचा आरंभ मात्र अशा भागाला सोयीचा होता. १४० अक्षरांची प्रसिद्ध मर्यादा आली ती एसएमएसमुळे. एसएमएसच्या १६० अक्षरांपैकी २० वापरकर्त्याच्या नावासाठी राखून उरलेली संदेशाला देण्यात आली. म्हणजे साधा फोन असणाऱ्यालाही ही सेवा वापरता यावी, अशी तिची मूळ घडण होती. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने बंगळुरूची झिपडायल ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘ट्विटर संवाद’ सुरू झाला. एक मिस्ड कॉल द्यावा आणि सरकारी खात्यांचे ट्वीट एसएमएसने मिळवावेत, अशी ती योजना होती. इंटरनेटची गरज नाही आणि खर्चही नाही.

मराठीची अडचण मात्र तेव्हाही होती. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्हे ठरतात. ‘घोडेगाव’ हा चार अक्षरी शब्द तेथे सात चिन्हांचा होतो. त्यातच देवनागरीतील एका एसएमएसमध्ये १६० नव्हे, तर अवघी ७० चिन्हे मावतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्विटरची मर्यादा २८० झाली, तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यांना थोडा श्वास घेता आला.

याच काळात शहरी मध्यमवर्गाला ट्विटर हे तक्रारीचे हुकमी साधन वाटू लागले. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना धावत्या गाडीतील प्रवाशाने ट्वीट करावे आणि पुढच्या स्थानकावर बाळासाठी दूध किंवा औषध मिळावे, अशा घटना घडल्या. सुषमा स्वराज यांनी परदेशात अडकलेल्यांना याच मार्गाने मदत केली. मुंबई पोलिसांचे खाते डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. या तत्परतेचे कौतुक रास्तच होते. पण तिची दुसरी बाजूही आहे. ट्वीट चारचौघांत होते, म्हणून त्याची दखल तातडीने घेतली जाते; आवक-जावक नोंदवहीत पडलेला अर्ज कोणी पाहत नाही. पुण्यातील नागरिकाला तासाभरात मिळणारे उत्तर डिंभ्यापलीकडच्या अर्जदाराला महिनोन्‌महिने मिळत नसेल, तर त्याला सुप्रशासन म्हणता येणार नाही. रांगेत पुढे घुसण्याची ती नवी वाट ठरते.

दरम्यान मूळ सोयी एकेक करून काढून घेण्यात आल्या. एप्रिल २०२० मध्ये मोजके देश वगळता एसएमएसद्वारे ट्विटर बंद झाले. या सेवेभोवती वाढलेल्या जोड-अ‍ॅपची कथाही वेगळी नाही. छायाचित्रांसाठीचे ट्विटपिक २०१४ मध्ये, लघुचित्रफितींचे वाइन २०१७ मध्ये आणि थेट प्रक्षेपणाचे पेरिस्कोप २०२१ मध्ये संपले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी कंपनी घेतल्यावर जानेवारी २०२३ मध्ये ट्वीटबॉटसारखी त्रयस्थ अ‍ॅप बंद पाडण्यात आली. जुलैमध्ये सेवेचे नाव ‘एक्स’ झाले आणि ऑगस्टमध्ये पत्रकारांच्या रोजच्या वापरातील ट्वीटडेकला पैसे पडू लागले. स्वयंचलित संदेशांसाठी शुल्क आकारण्याच्या निर्णयानंतर न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक यंत्रणेने एप्रिल २०२३ मध्ये तेथे गाड्यांची माहिती देणेच थांबविले. तेव्हा कुठे हवामान आणि आपत्तीच्या सरकारी सूचनांना कंपनीने सवलत दिली. मराठीसह भारतीय भाषांचा पर्याय म्हणून पुढे आलेले ‘कू’ही जुलै २०२४ मध्ये बंद पडले.

यातील धडा स्पष्ट आहे. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई, ती कोतवालाकडून. ढोल गावाचा आणि कोतवालही सरकारचा नोकर. आज इशारा सरकारचा असला, तरी ढोल दुसऱ्याचा आहे आणि तो केव्हा, कोणाला व किती मोलाने ऐकू यावा, हे सातासमुद्रापार ठरते.

पर्याय नाहीत असे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप विजेचा इशारा देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेद्वारे धोक्याच्या क्षेत्रातील मोबाइलवर एसएमएस जातो. त्यासाठी कोठे खाते उघडावे लागत नाही. अतिवृष्टीचा, दरडीचा किंवा धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा इशारा प्रथम अशा सार्वजनिक मार्गाने, सोप्या मराठीत जावा. रेंज नसेल तेथे ग्रामपंचायतीचा ध्वनिक्षेपक आणि वाडीवर जाणारा माणूस असावा. ‘एक्स’वरील संदेश त्यानंतरचा. माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले आहे; पण सह्याद्रीच्या कुशीत, उतारावर वसलेल्या वाड्या अजूनही अनेक आहेत. त्यांना इशारा डोंगर खचण्याआधी मिळायला हवा. त्यानंतर देशभर उमटणाऱ्या हळहळीचा त्यांना काहीही उपयोग नाही.