गणिताला हवा लोकाश्रय

दरवर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिवस साजरा होतो. श्रीनिवास रामानुजन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, आर्यभट आणि भास्कराचार्यांचे स्मरण होते, शून्याच्या शोधाचा अभिमान व्यक्त होतो. हे सारे योग्यच आहे. पण त्याच दिवशी गणितात एम.एस्सी. झालेला एखादा गुणवंत तरुण पीएच.डी.चा विचार सोडून नोकरीचा अर्ज भरत असेल, तर त्या अभिमानाला अर्थ किती उरतो?

रामानुजन यांचेच उदाहरण घेऊ. गणिताखेरीज अन्य विषयांत मन न रमल्याने महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती गेली. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर ते कारकुनी करत होते. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. अट एकच होती, दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा. विद्यापीठाने त्यांना प्रतिभा दिली नाही, ती त्यांच्यापाशी होतीच. विद्यापीठाने दिला तो वेळ. पुढच्याच वर्षी ते केंब्रिजला गेले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

गणिताला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कागद, फळा, ग्रंथालय, जाणता मार्गदर्शक आणि चार-पाच वर्षांची निश्चिंती एवढ्यावर ते फुलते. यांतील निश्चिंतीच आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ आहे. परदेशातील चांगली विद्यापीठे शिक्षणशुल्क माफ करून, अध्यापनाच्या मोबदल्यात निर्वाहवेतन देऊन आमची मुले घेऊन जातात. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. संपूर्ण अर्थसाहाय्य मिळाले की इथेही काय घडते, हे मुंबईनेच दाखवले आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. तिथे १९५३ मध्ये विद्यार्थी म्हणून आलेल्या एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी देशातच डॉक्टरेट मिळवली आणि १९६५ साली त्यांच्या नावाने जगभर ओळखला जाणारा सिद्धान्त मांडला.

प्रबंध लिहून समाजाला उपयोग काय, असा प्रश्न हटकून विचारला जातो. मूळ संख्यांचा अभ्यास शतकानुशतके निरुपयोगी मानला गेला. आज इंटरनेटवरील आर्थिक व्यवहारांची गुप्तता त्याच अभ्यासावर उभी आहे. बीज पेरतानाच फळाचा हिशेब मागणारा शेतकरी नसतो, सावकार असतो. अर्थात, साहाय्य घेणाऱ्यानेही उत्तरदायी असले पाहिजे. केवळ पदोन्नतीसाठी लिहिलेल्या सुमार प्रबंधांना आश्रय देण्याचे कारण नाही. कठोर निवड आणि नियमित परीक्षण हवेच.

शासनाने काही केले नाही असे नाही. राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्या आहेत, पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ मध्ये सुरू झाली. परंतु अशा योजनांचा लाभ निवडक विद्यार्थ्यांपर्यंतच पोहोचतो. राज्य विद्यापीठांतून, जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून येणारा संशोधक बहुधा तासिका तत्त्वावर शिकवत, रात्री प्रबंध लिहीत असतो. ज्यांना वृत्ती मिळते, त्यांनाही ती वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते. वेतन पहिल्या तारखेला आणि विद्यावेतन सवडीने, ही रीत बदलली पाहिजे.

पण सगळा भार शासनावर टाकणे ही आपली परंपरा नव्हे. चाळीसगावजवळ पाटण येथे यादवकाळातला, तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे तो सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. गणिताच्या अध्ययनासाठी कायमस्वरूपी तजवीज याच मातीत आठशे वर्षांपूर्वी झाली होती! १९७६ साली श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापले, तो त्याच धाग्याचा पुढचा पेड.

आज हे करायला किती लागेल? १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने अधिछात्रवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये आहे. पाच वर्षांचे, घरभाडे वगळून, बरोबर २४ लाख होतात. एका जिल्ह्यातील उद्योजक, सहकारी बँका, देवस्थाने आणि उत्सव मंडळे मिळून एका गणितज्ञाचा हा भार उचलू शकत नाहीत काय?

पूर्वजांच्या गणिताचा गौरव करण्याचा अधिकार त्यांच्या वारसांना पोसणाऱ्या समाजालाच असतो. येत्या २२ डिसेंबरला प्रतिमापूजनाबरोबरच प्रत्येक जिल्ह्याने एका जिवंत संशोधकाचे पालकत्व घ्यावे. पाटणचा शिलालेख आपल्याला हेच सांगतो आहे.