धर्मादा कोणाचा?

आपल्याकडे धर्मशाळेच्या, पाणपोईच्या किंवा वाचनालयाच्या दारावर 'सार्वजनिक' हा शब्द ठळक अक्षरांत रंगविलेला असतो. दार सर्वांस उघडे ठेवले की संस्था सार्वजनिक झाली, असा बहुतेकांचा समज दिसतो. आमच्या मते दार हा त्यातील सोपा भाग होय. कठीण भाग वहीचा आहे.

उघडेपणा व्यापाऱ्यास अगदीच परका नाही, जरी तो त्याने स्वखुशीने स्वीकारला असे म्हणवत नाही. एके काळी मालाचा भाव हातांवर रुमाल टाकून, बोटे दाबून ठरत असे. दलालास व खरेदीदारास भाव कळे. ज्याचा माल तो शेतकरी मात्र रुमालाकडे पाहत उभा राही. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि मध्यप्रदेशात १९७२ च्या कृषी उपज मंडी अधिनियमाने उघड बोलीस कायद्याचे बळ दिले. रुमाल गेला म्हणून व्यापार काही बुडाला नाही. धर्माद्याच्या वहीवर मात्र तो रुमाल अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे.

धर्मादा म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबातील मुलांसही ठाऊक असते. बिलात किंवा हिशेबपट्टीत मालाच्या किमतीबरोबर चार पैसे धर्मार्थ धरण्याची जुनी चाल. ती रक्कम वेगळ्या खात्यास जमा होते, त्यातून गोशाळेस चारा जातो, विद्यार्थ्यांस पुस्तके मिळतात. समारंभात हार मात्र पेढीच्या मालकाच्या गळ्यात पडतो! वास्तविक पैसा गिऱ्हाइकाचा किंवा शेतकऱ्याचा. आपण केवळ हाताळणारे.

हे आम्ही नीतीच्या भरात म्हणत नाही. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचा खटला १९७९ च्या निकालसंग्रहांत आहे. गिरणीने बिलांत घेतलेला धर्मादा हे तिचे उत्पन्न नव्हे, कारण ती रक्कम हाती येतानाच धर्मकार्यास बांधलेली असते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. करातून सुटका झाली म्हणून व्यापारीवर्गास निकाल गोड वाटला. पण जे आपले उत्पन्न नव्हे, त्याचा हिशेब केवळ आपल्यापाशी कसा राहील? सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९५० च्या विश्वस्त कायद्याने धर्मादा घेणाऱ्यास विश्वस्तच मानले असून त्याचा हिशेब धर्मादाय कार्यालयास सादर करावा लागतो. आपल्या राज्यात १९५१ च्या कायद्यान्वये सार्वजनिक न्यासांची नोंद कलेक्टरच्या दप्तरी होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर एकीकडे व आपण दुसरीकडे राहिलो. नात्यागोत्यांप्रमाणेच धर्माद्याचा व्यवहारही या रेषेच्या दोन्ही बाजूंस चालतो.

त्याच १९५६ साली देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी व सार्वजनिक यांतील भेद सांगितला. लाभ घेणारी माणसे नेमकी मोजून दाखविता येत असतील तर न्यास खाजगी. ती तशी निश्चित करता येत नसतील तर सार्वजनिक. स्वतःच्या पैशाने नातेवाइकांसाठी खोल्या बांधाव्यात, त्यांस कुलूप लावावे, कोणाची हरकत नाही. दुकानाच्या नफ्यातोट्याची वहीही आपलीच. धर्मादा तसा नाही.

यावर काही वडीलधारी मंडळी गुप्तदानाचा दाखला देतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही आम्हांस हा दाखला लागू वाटत नाही. गुप्तदानात दात्याचे नाव झाकलेले असते, जेणेकरून त्यास अहंकार होऊ नये. पैशाची वाट झाकण्यास कोणत्याही परंपरेने सांगितलेले नाही. आपण नेमके उलट करतो: नाव संगमरवरावर कोरतो आणि खर्च झाकतो.

२०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. कलेक्टरची कचेरी आता छिंदवाड्याहून जवळ आली. पण कचेरीतील नोंद हिंदीत, आणि पट्टीवर धर्मादा भरणारा संत्र्याचा बागाईतदार घरी मराठी बोलतो. म्हणून वहीपूजनापूर्वी जमाखर्चाचा एक पानी तक्ता मराठीतही लिहून मंडीत व धर्मशाळेत टांगावा, अशी आमची सूचना आहे. दात्यांची नावे त्यात नसली तरी चालेल. पहिला तक्ता आपल्या मंडळानेच लावावा. त्यात बेरजेची चूक निघेल, आणि ती दाखविणारा बहुधा आपल्यापैकी कोणी नसेल.